रामेश्वरची खात्रीची रॅम

शहागंजात कॉम्प्युटर दुरुस्त करणारे पुष्कळ. पण रामेश्वरनं "मशीन गेलं" म्हटलं, की लोक दुसरीकडं विचारायला जात नसत. तो पिशोरचा, मेंढ्या राखणाऱ्यांच्या घरातला. माझं झेरॉक्सचं दुकान त्याला लागूनच, म्हणून सांगतो ते डोळ्यांदेखतचं आहे.

त्याची सगळी भिस्त एका जुन्या रॅमवर, मेमरीच्या पट्टीवर. मशीन सारखं बंद पडायला लागलं की तो आधी पंख्यातली धूळ काढायचा, प्रोसेसरला नवी पेस्ट लावायचा, त्याचं व्होल्टेज बघायचा आणि शेवटी मशीनची रॅम काढून ही खात्रीची बसवूनच चालवून बघायचा. तरीही बंद पडलं, तर दोष प्रोसेसरात नाहीतर बोर्डात. दर खंडेनवमीला तो या रॅमला कुंकू लावी. त्याचा डाग लेबलवर पक्का बसला होता. ती ठेवायच्या ड्रॉवरची दुसरी किल्ली केशवकडं. केशव त्याचा भागीदार, जिवाभावाचा दोस्त. शहर बायपासकडं वाढलं तसं त्यानं तिकडं वेगळं दुकान थाटलं, तरी रामेश्वरनं किल्ली मागितली नाही. हा भाबडेपणा मला तेव्हाही पटत नव्हता.

दुष्काळाचा उन्हाळा होता. कूलरमध्ये घालायला पाणी नाही, बाजारभर धूळ. टायपिंग क्लास चालवणाऱ्या रत्नमालाताईंचं मशीन दुपारी बंद पडे. रामेश्वरनं सगळं तपासलं, खात्रीची रॅम लावली, तरी तेच.

"ताई, प्रोसेसर गेला," त्यानं सांगून टाकलं. त्यांनी नवं मशीन घेतलं, जुनं त्यालाच दिलं.

भंगारात टाकण्याआधी त्यानं सहज त्यात मूळची रॅम परत बसवली. मशीन दिवसभर न अडखळता चाललं. बिघाड धुळीचाच होता आणि धूळ तर त्यानं आधीच काढली होती; नंतर मशीन बंद पडलं ते खात्रीच्या रॅममुळं. त्यानं खात्रीची रॅम उचलून लेबलवर अंगठा घासला. अंगठ्याला कुंकू लागलं. वर्षानुवर्षांचा डाग असा निघत नसतो; ही त्याची रॅम नव्हतीच.

त्यानं माझ्यासमोरच केशवला फोन लावला, स्पीकरवर.

"अरे यार, तसली जुनी रॅम बाजारात मिळेना, गिऱ्हाईक अडलं होतं," केशव हसत म्हणाला. "एक रॅमच तर आहे ना?"

"मागितली असती तर दिली असती रे. खराब रॅमला कुंकू लावताना तुझा हात नाय थरथरला?"

केशवनं फोन ठेवला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. रामेश्वर मात्र रडला.

मग ते मशीन घेऊन तो रत्नमालाताईंकडं गेला, सोबत मीही. "ताई, हे चांगलं हाय. माझंच चुकलं." केशवचं नाव त्यानं घेतलं नाही.

ताई रागावल्या नाहीत. "तेव्हा गेलं म्हणालास, आता चांगलं म्हणतोस," त्या म्हणाल्या. "रामेश्वर, तुझं कोणतं खरं धरू?"