प्रबळगडावर एकटी

आमच्या पनवेलच्या घरामागून प्रबळगड दिसायचा. दर पौषात वडील मला घेऊन तो चढायचे. मी मॅट्रिक झाले त्या वर्षी त्यांचा गुडघा धरला. "यंदा तू एकटीच जा," ते म्हणाले. आई त्यांच्यावर रुसली, पण पहाटे भाकरी-चटणी तिनंच फडक्यात बांधून दिली.

वाटेतल्या नेरे गावापर्यंत बैलगाडी मिळाली. पुढे रानात धुकं होतं. बोटं गारठली होती, आणि स्वतःच्याच चपलांच्या आवाजानं दचकून मी मागे वळून बघत होते. मोळी घेऊन उतरणारी एक बाई थांबली.

"एकलीच हाय का पोरी? भीती नाय वाटत?"

"वाटते," मी म्हटलं. ती हसली आणि बाजूला होऊन तिनं मला वाट दिली.

माथ्यावर ऊन पडलं होतं. लांब खाडी चमकत होती. "बघा ना," म्हणत मी वळले, तर शेजारी कोणी नव्हतं.

संध्याकाळी वडिलांनी मला हातपायही धुऊ दिले नाहीत. "पहिल्यापासून सांग," म्हणाले. मी सांगत होते, ते डोळे मिटून ऐकत होते. सांगता सांगता मी गडावरच्या पाण्याच्या टाक्यापर्यंत आले, जिथे आम्ही दर वर्षी दम खायला थांबायचो, तेव्हा त्यांनी हात वर केला. "इथे जरा बसू या," ते म्हणाले.

मी बोलायची थांबले. बराच वेळ आम्ही दोघं तसेच बसून होतो.