मिठावर बसून पाहिलेली मुंबई

त्या काळी बाळकुमात मुंबई होती ती राघोच्या ओट्यावर.

ठाण्याहून आगगाडी सुटायला लागून तीसेक वर्षं झाली होती, पण बाळकुमच्या आगरी माणसाचं आगगाडीशी काय काम? सकाळी मिठागरात उतरायचं, खाडीचं पाणी वाफ्यात घ्यायचं, उन्हानं मीठ धरलं की ओढायचं, आणि दिवस कलला की भेगाळलेले पाय घेऊन घरी यायचं. मुंबईला जायचं ते मीठ. आणि मिठाबरोबर दौलत तांडेलाच्या मचव्यावरून चारपाच खलाशी, त्यांतला एक राघो.

अंगानं काटकुळा, नाकानं लांब, आणि बोलायला लागला की हात असे हलवायचा की ऐकणाऱ्यानं चार बोटं मागं सरकून बसावं. मचवा परतला की दुसऱ्या दिवशी त्याच्या ओट्यावर अर्धी आळी गोळा व्हायची. मग घोडे जुंपलेली ट्राम लोखंडी पट्टीवरून कशी धावते, मारकिटातल्या कारंज्याच्या तोंडातून पाणी कसं पडतं, जिलबी कशी गाडीच्या चाकाएवढी असते, सगळं सुरू. नव्या मनोऱ्यावरचं घड्याळ आपणहून गाणं म्हणतं हे ऐकून म्हाताऱ्यांनी कानाला हात लावले होते.

आणि बर्फ. बर्फाची गोष्ट मात्र राघोनं आधी बाहेर कुणाला सांगितली नव्हती. ती त्यानं घरात सांगितली होती, तुळसाला, लग्नानंतरच्या तिसऱ्या वर्षी. भादव्यातला हिवताप. तुळसा भट्टीसारखी तापलेली, पेजेचा घोट आत जाईना. राघो नुकताच मुंबईहून आलेला. तिच्या उशाशी बसून तो म्हणाला, "डोले मीट. आता जिभेवर मिठाचा खडा ठेवलाय असं समज. पन खारट नाय, गोड. आनी गार, पौषातल्या पहाटेसारका. मुंबईत त्याला बरफ बोलतात. ढीग असतो ढीग, आपल्या मिठासारका. फऱ्याच्या मापानं मोजतात आनी टोपलीत भरून देतात."

"तुमी खाल्लाव?"

"खाल्ला म्हंजे! दोन खडे."

तुळसानं डोळे मिटले, ओठ हलवले, आणि त्या दिवशी पेज प्याली.

खरी गोष्ट एवढीच होती, की बावीस वर्षांत राघोनं मुंबईच्या जमिनीवर एक पाऊलही टाकलं नव्हतं.

मिठाच्या मचव्याची रीत तशी होती. मचवा बंदराला लागला की सरकारी माणूस येऊन माप घेईपर्यंत एकानं मिठावरून उठायचं नाही. दवानं मीठ ओलं होऊ द्यायचं नाही, कुणाला हात घालू द्यायचा नाही, हाती काठी धरून ढिगावर बसून राहायचं. पहिल्या खेपेला दौलतनं नव्या पोराला बसवला तो राघो. त्यानं चिमूटभर मीठ जाऊ दिलं नाही, एवढीच त्याची चूक. पुढं दर खेपेला दौलत म्हणायचा, "राघ्या बसंल. राघ्या बसला की मना झोप लागते." बाकीचे खलाशी गावात भटकून यायचे, तोंडं लाल करून यायचे, आणि जे पाहिलं ते राघोला सांगायचे. राघो ढिगावर बसून ऐकायचा, आणि घरी येऊन पाहिल्यासारखं सांगायचा. मनोऱ्याचे टोले तेवढे त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकले होते, कारण वारा तिकडून असला की ते पाण्यावरूनही येत.

त्या साली दिवाळी झाली आणि दौलतनं सांगून टाकलं की गुडघे राहिले नाहीत, कार्तिकी पुनवेच्या उधाणाची खेप शेवटची, मग मचवा विकणार. पण त्याहून मोठा धक्का राघोला घरात बसला. लेक नंदा कोलशेतला देऊन झाली होती, घर रिकामं होतं. भाकरी थापता थापता तुळसा म्हणाली, "शेवटची खेप हाय तर मी येतंय. दोन दीस. मना तुमची मुंबई दावा."

राघोनं हातातला घास परत ताटात ठेवला. "मचव्यावर बायका नेत नाय."

"मी तांडेलाला ईचारलंय. चल बोलला."

"पान्यानं मलमलंल तुना."

"खाडीच्या कडंला जल्मले मी," तुळसा म्हणाली, "मना काय मलमलतंय?"

आणि तिनं तयारीच आरंभली. तांदळाची भाकरी दोन दिवस टिकते, सुका बोंबील भाजून घ्यायचा, चिंचेचा गोळा घ्यायचा. मग बोटं मोडत यादी: मुंबादेवी, ट्राम, कारंजं, मनोरा. खायला जिलबी, नानकटाई, माहीमचा हलवा. शेवटी करंगळी धरून ठेवायची आणि म्हणायची, "आनी बरफ. मंग नंदाला टोपलीभर आनायचा."

एवढ्यावर थांबली असती तर राघोनं निभावलं असतं. पण तिनं इनासला बोलावलं. इनास खालच्या आळीतला किरिस्ताव. अकरा वर्षं माझगावला एका साहेबाच्या घरी बटलर होता. मुंबई त्याला स्वतःच्या अंगणासारखी ठाऊक. राघो एरवी गोष्टी सांगताना तो ओट्याकडं फिरकतो का यावर डोळा ठेवून असे.

इनास आला, पान जमवत बसला. तुळसानं यादी म्हणून दाखवली. "कायतरी ऱ्हायलं का बगा, भावजी. आनी बरफ टोपलीत नेताना खाली केलीचं पान घालतात का पेंढा?"

इनासचा हात चुन्यावरच थांबला. त्यानं तुळसाकडं पाहिलं, मग राघोकडं. राघो छपराची कौलं मोजत होता.

"पेंढा," इनास गंभीरपणे म्हणाला. "पेंढाच बरा."

दुसऱ्या दिवशी त्यानं राघोला मिठागराच्या बांधावर गाठलं. "काय रे ए, डोकीवर बरफाची टोपली घेऊन निघशील ना, तर ठान्याला पोचेतवर डोकीवर फकत टोपली ऱ्हाईल. आनी पाठ भिजंल ती निराळी."

"वितळतो तो?" राघोनं विचारलं.

इनास हसायला गेला, पण राघोचं तोंड पाहून म्हणाला, "राघो, तू कवा..."

"नाय."

"कायच नाय?"

"मी मिठावर बसलेला," राघो म्हणाला.

इनास त्याच्याशेजारी बांधावर टेकला. मग त्यानं एक काटकी उचलली आणि ओल्या चिखलात रेघ ओढली. "ही बंदराची भिंत. हितून भायेर पडायचं. सरल जा, उजव्या हाताला वलू नको..."

आठ दिवस त्या बांधावर चिखलाची मुंबई उमटत होती आणि भरतीच्या पाण्यानं पुसली जात होती. राघो रेघा पाठ करायचा. वाफे नीट करता करता पुटपुटायचा, "भिंत, मंग गल्ली, मंग घोड्यांचं पानी पिन्याचं टाकं..." रात्री अंथरुणात सगळं उलटंसुलटं व्हायचं. देवीचं देऊळ मारकिटात जायचं, ट्राम समुद्रात शिरायची.

शेवटच्या दिवशी इनास म्हणाला, "हे डोस्क्यात बसायचं नाय. तू वयनीला सांगून टाक."

"बावीस वर्सं माझ्या तोंडाकडं बगून ऐकलं तिनं. आता काय सांगू?"

पुनवेला भरतीबरोबर मचवा सुटला. ठाण्याच्या रेल्वेपुलाखाली डोलकाठी आडवी पाडली तेव्हा वरून गाडी धडधडत गेली, आणि तुळसानं लहान पोरीसारखं तोंड वर केलं. तिनं लुगडं ठेवणीतलं नेसलं होतं. ती मिठाच्या ढिगाला पाठ लावून बसली आणि काठावरचं एकेक गाव मागं पडताना बघत राहिली. राघोला मात्र पुढं येणारं बंदरच दिसत होतं. कितीदा तरी याच वाटेनं तो हसतखेळत गेला होता. त्या सकाळी वाट फार लवकर संपली.

बंदरात मचवा लागला. फळी टाकली. खलाशी उड्या मारून गेले. मनोऱ्याचे टोले ऐकू आले, तसे तुळसाचे डोळे चमकले. ती फळीवर उभी राहून वळली.

राघो ढिगावर बसला होता. हातात काठी.

"चला ना," ती म्हणाली.

"मीठ... कुनीतरी बसाया पायजे."

"उठ रे," मागून दौलत म्हणाला आणि त्याच्या हातातली काठीच काढून घेतली. "बावीस वर्सं तू बसलास. आज मी बसतंव. तुलसानं आधीच कबूल करून घेतलंय माझ्याकडनं."

राघो उठला. फळीच्या या टोकाला उभा राहून, खाली गढूळ पाण्याकडं बघत तो म्हणाला, "तुलसा, मना वाट म्हाईत नाय. मी कवा उतरलूच नाय. बरफ... बरफ मी बगितलेला पन नाय."

आजूबाजूला हमाल ओरडत होते, गाडे खडखडत होते. तुळसानं पदर सारखा केला.

"बावीस वर्सं तुमचं धोतर कुनी धुतलं?" ती म्हणाली. "बाकीच्यांच्या बायका वरडायच्या, मुंबईची लाल माती निघंना, पानाचे डाग निघंनात. तुमच्या धोतराला कवा मातीचा कन नाय. नुस्तं मीठ. पिललं की पानी खारट."

"मंग तुना म्हाईत होतं?"

"पयल्या दोन वर्सांतच."

"मंग ह्या समद्या... मना दाव, मना दाव..."

"तांडेल मचवा इकतोय. मंग तुमी कवा बगनार?" ती फळीवरून दोन पावलं मागं आली आणि चारचौघांत कधी धरला नव्हता तो त्याचा हात धरला. "उतरा आता. वाट ईचारत जाव. तोंड हाय ना तुमाना, चांगलं चालतंय."

दोन दिवस ती दोघं वाट विचारत फिरली. इनासची चिखलातली रेघ कामाला आली ती घोड्यांच्या टाक्यापर्यंत, पुढं चुकलीच. ट्राममध्ये राघो दांडा घट्ट धरून बसला होता, उतरायची जागा गेली तरी सोडेना. कारंजं सांगितल्यापेक्षा मोठं निघालं. जिलबी तळहाताएवढी निघाली, त्यावरून तुळसा रस्ताभर हसली.

बर्फ मिळाला सोडावॉटरच्या दुकानात. दुकानदारानं तागाच्या पोत्यातून भुशात माखलेली पांढरी शिळा काढली, टोच्यानं फोडली आणि दोघांच्या हातांवर एकेक तुकडा ठेवला. राघोनं "हाय हाय" करत या हातातून त्या हातात नाचवला. तुळसानं डोळे मिटून जिभेवर ठेवला, अगदी त्या तापातल्या दिवसासारखा.

राघो तिच्या तोंडाकडं बघत होता. "गोड हाय?"

"चवच नाय याला काय," ती म्हणाली. मग कमरेची गाठ सोडली. भाकरीबरोबर लागेल म्हणून बांधून आणलेलं बाळकुमचं मीठ होतं. त्यातली चिमूट तिनं उरलेल्या तुकड्यावर टाकली, चाखलं, आणि तुकडा राघोच्या तोंडात घातला. "आता लागतोय बगा."

मचवा विकला गेला. दौलत गेला, पुढं इनासही गेला. राघो म्हातारा झाला तरी ओट्यावर मुंबई तशीच भरायची. जिलबी पुन्हा चाकाएवढी झाली होती, ट्राम जास्तच जोरात धावत होती. नंदाची पोरं आजोबांना विचारायची, बर्फ कसा लागतो हो? राघो हात हलवायचा थांबायचा आणि दारात तांदूळ निवडत बसलेल्या तुळसाकडं बघायचा.

"अलनी हाय मेला," सुपातून नजर न काढता ती म्हणायची. "जाताना घरचं मीठ न्या."