रुक्माआत्याचे नाव कमी करण्यास हरकत

भिंगारदिवे नगरच्या तहसील कचेरीत रेकॉर्डकीपर होते आणि वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी चित्रकथा वाचत होते. पहिली गोष्ट सगळ्या कचेरीला माहीत होती. दुसरी कोणालाच नव्हती, कारण अंक ते फायलीच्या पुठ्ठ्यात घालून घरी न्यायचे. सरकारी माणसाच्या काखेत फाइल दिसली की कोणी विचारत नाही.

चित्रकथेचं नाव 'वीजधर'. पुण्याहून दर महिन्याला निघायची. वीजधर म्हणजे दिवसा वीज मंडळातला साधा लाइनमन, आणि संकट आलं की अंगातून वीज सोडणारा बहाद्दर. तो एका खोलीत भाड्यानं राहायचा. खोलीची मालकीण रुक्माआत्या. सख्खी नव्हे, मानलेली. हा गडी कोण आहे हे सगळ्या जगात तिला एकटीला ठाऊक होतं. धरण फुटायचं वाचवून तो घरी आला की ती एवढंच विचारायची, "जेवलास का?"

भिंगारदिव्यांनी पहिला अंक शहाऐंशी साली माळीवाड्याच्या स्टँडवर घेतला, गाडी उशिरा होती म्हणून. केडगावला खोलीवर आल्यावर बायकोनं, म्हणजे पुष्पावतीनं, तो उलटा धरून पाहिला. तिची शाळा दुसरीतच सुटली होती. "वाचा की मोठ्यानं," ती म्हणाली. तिथून रिवाज पडला. अंक आला की रविवारी दुपारी जेवणं उरकायची, ती सुपात शेंगा घेऊन फोडत बसायची आणि हे वाचायचे. मारामारी आली की ती शेंगांकडं बघायची. आत्या आली की सूप खाली ठेवायची. मूलबाळ नव्हतं, त्यामुळं मधे कोणी बोलायला नव्हतं. शेजारच्या मनकर्णाबाईंना बरेच दिवस वाटत होतं, यांच्याकडं दर महिन्याला पाहुणे येतात.

एकोणनव्वदच्या एका अंकात आत्या भाकरी थापत होती. पुष्पावतीनं अंक हातात घेतला, चित्र निरखलं आणि म्हणाली, "आवो, तव्यावर भाकर हाय, आन् चुलीत जाळच न्हाई. कच्ची भाकर खातोय व्हय ह्यो गडी?"

भिंगारदिवे हसले. मग गंभीर झाले. रेकॉर्डकीपरला चूक दिसली की ती वर कळवावी लागते. त्यांनी पोस्टकार्ड लिहिलं, बायकोच्या नावानं. दोन महिन्यांनी अंकात आत्याच्या चुलीत चांगला तांबडा जाळ होता, आणि पत्रांच्या पानावर छापलं होतं: 'चूल पेटवून दिल्याबद्दल सौ. पुष्पावती भिंगारदिवे, केडगाव, यांचे आभार.' तिनं ते स्वतःचं नाव बोट ठेवून चार वेळा वाचलं. पुढं तिनं आणखी पुष्कळ चुका काढल्या. आत्याच्या पातळाचे काठ बदलले, दाराची कडी आतून होती ती बाहेर गेली, सगळं तिच्या सांगण्यावरून.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात तिला कावीळ झाली. सतरा दिवसांत ती गेली.

भिंगारदिवे तरीही अंक आणत राहिले आणि मोठ्यानं वाचत राहिले. मनात वाचायची सवयच नव्हती. आत्याचं पान आलं की क्षणभर थांबायचे, मग पुढं जायचे. त्या खोलीत पुष्पावतीची ओळख असलेली बाई आता तेवढी एकच उरली होती, आणि ती कागदावरची होती.

चौऱ्याण्णवच्या ऑगस्टमध्ये नव्व्याण्णवावा अंक आला. मागच्या पानावर मोठ्या अक्षरांत जाहिरात होती. पुढच्या महिन्यापासून सगळं नवं, नवा वीजधर, अंक पहिला, मागचं सगळं विसरा. खाली नव्या वीजधराचं चित्र होतं. दंड मांडीएवढे, दात आवळलेले, कमरेच्या पट्ट्याला खिसेच खिसे. मुंबईत बाविसाव्या मजल्यावर राहणार. आणि बारीक टाइपात एक ओळ: वीजधर जन्मापासून अनाथ आहे, त्याला जगात कोणीही नव्हतं आणि नाही.

ती ओळ भिंगारदिव्यांनी तीनदा वाचली. आत्या मेली असं नव्हतं. आत्या घर सोडून गेली असंही नव्हतं. आत्या नव्हतीच. मग चूल कोणाची? आणि जाळ कोणी घातला? त्यांना राग आला, आणि बायको गेल्यापासून त्यांना पहिल्यांदाच काही तरी इतकं जोरात वाटलं.

आता दुसरा कोणी असता तर त्यानं पोस्टकार्डावर चार शिव्या लिहिल्या असत्या. पण भिंगारदिव्यांची हयात सातबाऱ्यात गेलेली. तिथं माणूस मेला, जमीन विकली, वाटणी झाली, तरी जुनं नाव कोणी खोडत नाही. नावाला कंस करतात, शेजारी फेरफाराचा नंबर घालतात आणि खाली नवं नाव लिहितात. पन्नास वर्षांनी कोणी रुमालात बांधलेलं दप्तर सोडलं, तर कंसातला माणूस तिथं बसलेला सापडतो. शिवाय नाव कमी करण्याआधी नोटीस निघते आणि हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात. भिंगारदिव्यांनी विचार केला, की जाहिरात म्हणजे नोटीसच झाली. अजून अकरा दिवस हातात आहेत.

त्यांनी फुलस्केप घेतला, समास आखला आणि लिहिलं. 'विषय: रुक्माआत्या यांचे नाव कमी करण्यास हरकत. अर्जदार विनंतीपूर्वक अर्ज करतात की, सदर इसम यांची वहिवाट अंक एकपासून अखंड असून त्याबाबत कोणाचीही तक्रार नाही. नाव कमी करणेच झाल्यास कंस करावा, समूळ खोडू नये. अर्जदारास सुनावणीची संधी मिळावी.' वर कोर्ट फी स्टँप लावला आणि रजिस्टरनं पाठवला.

आठ दिवसांनी पोचपावती सही होऊन परत आली. भिंगारदिव्यांचा जीव भांड्यात पडला. पोच आली म्हणजे अर्ज दाखल झाला, आणि अर्ज दाखल झाला म्हणजे तारीख लागणार. ते तारखेची वाट बघू लागले. यात हसण्यासारखं काही आहे हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

तारीख आली नाही. ऑक्टोबरच्या अंकात विनोदाच्या पानावर त्यांचा अर्ज छापून आला, स्टँपच्या चित्रासकट, पूर्ण नावानिशी. मथळा होता, 'आमचे नगरचे हरकतदार'. आणि तो अंक नेमका कचेरीतला शिपाई सूर्यभान याच्या पोरानं आणला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगारदिवे रेकॉर्ड रूमचं कुलूप उघडत होते, तेव्हा सूर्यभान मागून म्हणाला, "भाऊसाहेब, आत्याबाईच्या वारसांना समन्स काढू का?"

सगळी कचेरी हसली. भिंगारदिवेही हसले, कारण न हसणं वाईट दिसलं असतं. मग आत जाऊन दप्तरांच्या रांगांमधे उभे राहिले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

पुढच्या सोमवारी किरकोळ रजा टाकून ते पुण्याला गेले. अंकाचं ऑफिस एका बोळात वरच्या मजल्यावर होतं. संपादक म्हणजे पन्नाशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला थकलेला माणूस. नाव ऐकून तो आधी ओशाळला. मग एकदम खुर्चीत पुढं झाला.

"भिंगारदिवे म्हणजे केडगावचे? त्या चूलवाल्या बाई तुमच्या कोण?"

"मंडळी."

"अहो, ते कार्ड आलं तेव्हा आम्ही चित्रकाराला आठ दिवस छळत होतो. इतकं निरखून बघणारं कोणी आहे हे आम्हाला तेव्हा कळलं. कशा आहेत त्या?"

पुष्पावती कशी आहे, असं दीड वर्षात कोणी विचारलं नव्हतं. गेलेल्या माणसाची चौकशी कोण करतं? मनकर्णाबाईसुद्धा तिचा विषय निघाला की पदर तोंडाला लावून दुसरंच बोलायच्या. आणि हा परका माणूस चष्मा नाकावर घेऊन उत्तराची वाट बघत होता.

"बऱ्या आहेत," भिंगारदिवे म्हणाले.

म्हणाले आणि त्यांचं त्यांनाच कानशील गरम झालेलं जाणवलं. पण शब्द गेला होता.

"रागावल्या असतील आमच्यावर."

"रागावल्यात की."

"काय म्हणतात?"

भिंगारदिवे खिडकीबाहेर बघत राहिले. मग हळू आवाजात, अगदी तिच्या बोलण्यात, म्हणाले, "म्हनती, आत्या मेली म्हना, मी रडंन. पन नव्हतीच असं कसं म्हनता?"

संपादकानं टेबलावरचा नवा अंक पालथा घातला. "साहेब, माझ्या हातात नाही," तो शेवटी म्हणाला. "घरोघरी केबल आली. खप निम्म्यावर आला. मालक म्हणतात, पोरांना घरात म्हातारी नको, मारामारी हवी. आत्या परत येणार नाही. तुमचा अर्ज छापायचाही त्यांचाच हुकूम. मला तो चांगला वाटला होता." मग त्याला काहीतरी सुचलं. "एक करतो. वहिनींच्या नावानं वर्षभर अंक पाठवतो, माझ्याकडून भेट. आवडणार नाहीत, पण चुका तरी काढतील."

तिथं सांगायला हवं होतं. भिंगारदिव्यांनी तोंड उघडलंही. संपादक कागदावर लिहीत होता: सौ. पुष्पावती भिंगारदिवे. नाव लिहून होईपर्यंत ते बघत राहिले, आणि मग पत्ता सांगितला.

पहिला अंक दाराच्या फटीतून आत सरकवलेला मिळाला. वेष्टनावर तिचं नाव टाइप केलेलं होतं. भिंगारदिव्यांनी ते फोडलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी टपालवाल्या गहिनीनाथला रस्त्यात गाठलं आणि सांगितलं, की अंक आला की दुसऱ्या शनिवारपर्यंत ठेवा, तेव्हा मला सुट्टी असते, हातातच द्या.

"टपाल आसं ठिवता येत न्हाई भाऊसाहेब," गहिनीनाथ म्हणाला.

"पुस्तक आहे. शिळं होत नाही."

गहिनीनाथ त्या भागात नवा होता आणि भला होता. दर दुसऱ्या शनिवारी अकराच्या सुमाराला तो सायकल भिंतीला लावायचा आणि वेष्टनावरचं नाव वाचून हाक द्यायचा, "भिंगारदिवे बाई, टपाल!" भिंगारदिवे साडेदहापासून दाराच्या आत खुर्ची टाकून बसलेले असायचे. हाक ऐकू आली तरी लगेच उठायचे नाहीत. गहिनीनाथनं दुसऱ्यांदा पुकारलं की मग उठायचे.

"बाई कदी दिसत न्हाईत त्या?" त्यानं एकदा विचारलं.

"भाजी आणायला गेल्यात."

एकदा ती हाक ऐकून मनकर्णाबाई दारात आल्या. त्यांनी गहिनीनाथकडं बघितलं, मग भिंगारदिव्यांकडं बघितलं, आणि आत निघून गेल्या. भिंगारदिव्यांना सगळं कळत होतं. मालकांनी होती ती बाई नव्हती केली, आणि आपण नसलेली बाई आहे केली. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी खोटी नोंद कधी घेतली नव्हती. पण महिन्यातून एकदा कोणी तरी तिला मोठ्यानं हाक मारत होतं, आणि ते बंद करायची ताकद त्यांच्यात नव्हती.

अंक त्यांनी एकही वाचला नाही. एकदा एक वेष्टन फाटून आलं होतं, तेव्हा आतलं एक पान दिसलं. बाविसाव्या मजल्यावरच्या खोलीत वीजधर एकटाच बसला होता. त्यांनी तो अंक उलटा करून इतरांच्या खाली सरकवला.

बाराव्या अंकाच्या वेष्टनाला छापील चिठ्ठी टाचलेली होती. आपली वर्गणी संपली, अंक चालू ठेवायचा असल्यास कळवावे. भिंगारदिवे आठ दिवस चिठ्ठी खिशात घेऊन फिरले. मग एका दुपारी कचेरीतून उठून पोस्टात गेले, रांगेत उभे राहिले आणि मनिऑर्डरचा फॉर्म भरला. पाठवणाराच्या जागी बायकोचं नाव घातलं. खाली संदेशासाठी दोन ओळींची जागा असते. तिथं काय लिहावं ते त्यांना बराच वेळ सुचेना. मागचा माणूस खाकरला, तेव्हा त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं:

'नवा वीजधर फार आवडतो. अंक कृपया बंद करू नये.'