बिनधुराची बारूद

जानराव रेल्वेत गँगमन होता आणि दुर्गजवळच्या बोरसी गावात राहायचा. पण पंचक्रोशीत त्याची ओळख होती ती काडतुसं भरणारा म्हणून. तरुणपणी तो एका इंग्रज इंजिनीअरसोबत शिकारीला जायचा. साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्याने आपली बारीक नळीची रायफल जानरावला देऊन टाकली, लायसनची खटपट केली आणि रिकामी काडतुसं पुन्हा कशी भरायची तेही शिकवलं. पुढे विलायती काडतुसं मिळेनाशी झाली. मग तीच पितळी टरफलं पुसून, साहेब ठेवून गेलेल्या ठिणगीच्या टोप्या आणि बिनधुराची बारूद पुरवून पुरवून जानराव वापरत राहिला. भुईमुगात शिरणारे ससे, कोंबड्या उचलणारे कोल्हे, एवढीच त्याची शिकार.

मग भिलाईचा कारखाना उभा राहू लागला. झाडं तुटली, सुरुंग उडू लागले, आणि बिळांतले कोल्हे बिथरून मजुरांच्या झोपड्यांकडे यायला लागले. एका उन्हाळ्यात त्यातला एक पिसाळला. सेक्टर दोनचे क्वार्टर बांधणाऱ्या दोन बाया त्याने फाडल्या. मुकादम आणि चार माणसं संध्याकाळी जानरावच्या दारात आली.

ते गेल्यावर जानरावने साहेबाचा बारुदीचा डबा उघडला. आंबूस वास आला. गेल्या पावसाळ्यात ओल शिरून आतल्या बारुदीचे गठ्ठे झाले होते. ती आता कामाची नव्हती. छऱ्याच्या बाराबोर बंदुकीची काडतुसं फोडून त्यातली काढता आली असती. तिचाही धूर होत नाही. पण ती रुंद नळीची बारूद, एकदम भडकणारी. बारीक नळीत ती रायफलच फोडते. साहेबाच्या एका दोस्ताचा अंगठा असाच गेला होता. उरली साधी काळी बारूद. तिच्यात जोर कमी, धूर फार.

"कावून एवढा विचार करून राहिले?" बायको मथुराने विचारलं.

"काळी भरतो. तिच्यानं बंदूक फुटत नाही."

"पण दुरून लागन का?"

"नाही लागत. जवळ जा लागन."

त्याच्या गँगमधला टिकाराम, गोंदियाकडचा त्याचा जिवलग, हे ऐकून म्हणाला, "मी झुडपातून हाकतो, तू मार. तुले एकट्याले नाही जाऊ देत."

पहाटे दोघे नाल्याकाठी गेले. पानही हलत नव्हतं. टिकाराम काठी आपटत झुडपात शिरला आणि कोल्हा मान वाकडी करून, लाळ गाळत बाहेर आला. जानरावने नेम धरून चाप ओढला. कोल्हा कोलमडलेला त्याला दिसला, आणि लगेच पांढऱ्या धुराचा लोळ डोळ्यांपुढे पसरला. वाराच नव्हता, धूर हलेना. पलीकडून टिकारामची किंकाळी आली.

जानराव धुरातून धावला. मागचे पाय ओढत कोल्हा टिकारामवर तुटून पडला होता. जानरावने रायफलच्या दस्त्याने त्याचं डोकं ठेचलं. दस्ता दुभंगला. टिकारामचा गाल लोंबत होता.

"मेला न तो?" टिकारामने विचारलं.

"मेला."

"मग झालं."

दवाखान्यात पोटात सुया सुरू झाल्या. डॉक्टरने जानरावला बाजूला घेऊन सांगितलं की जखम तोंडावर आहे, विष डोक्यात चढायला वेळ लागत नाही. सुया संपायच्या आतच टिकाराम पाण्याचा पेला पाहून थरथरू लागला. जानराव त्याचे हात धरून बसला होता. शेवटी शेवटी टिकारामने त्याला ओळखलं नाही.

टिकारामची बायको गुलाब एका शब्दानेही जानरावला बोलली नाही. उलट म्हणाली, "तुमी नसते, तर तो आणखी किती जणांले चावला असता, भाऊजी." तिने शिव्या दिल्या असत्या तर जानरावला सोसल्या असत्या. हे सोसेना.

"दुसरी बारूद भरली असती, तर धूर नसता झाला," तो मथुराला म्हणाला.

"बंदूक फुटली असती न. तुमचं तोंड गेलं असतं."

"माझंच गेलं असतं, मथुरा. टिकारामचं नाही."



मोडकी रायफल त्याने ठाण्यात जमा केली. गुलाब माहेरी गेली. त्यानेच तिला गाडीत बसवून दिलं.

पुढच्या उन्हाळ्यात आणखी एक कोल्हा पिसाळला. माणसं पुन्हा दारात आली.

"माझ्यापाशी बंदूक नाही," जानराव म्हणाला.

"तुमी नुसते संगं चला. तुमाले त्याची चाल समजते."

त्याने नकारार्थी मान हलवली आणि दार लावून घेतलं. माणसं लाठ्या घेऊनच गेली. नाल्याकडून आरडाओरडा ऐकू आला, मग कुणाचं तरी रडणं. मथुराने त्याच्यापुढे ताट ठेवलं. त्यातली भाकर वाळून गेली, तरी त्याने हात लावला नाही.