हट्ट्याजवळ उतरलेली पेटी

भीतीचे किस्से साठवावे लागत नाहीत. आमच्या लॅबमध्ये चहा उकळेपर्यंत एखादा निघतोच. आणि सगळे हसत असले तरी सांगणारा हसत नसतो.

लॅब म्हणजे आम्ही तिघं. सरोदे मॅडम प्रमुख, सलीमभाई मेकॅनिक आणि इलेक्ट्रॉनिक्स बघणारा मी, वसमतचा. आमचं काम अवकाशातल्या दुर्बिणीसाठी डिटेक्टर बनवायचं. ताऱ्यांचा अतिनील प्रकाश टिपायचा. ओझोनचा थर हा प्रकाश वरच अडवतो, म्हणून दुर्बीणच वर न्यायची.

*

रुजू झालो त्या दिवशी मॅडमनी दुर्बिणीचा आरसा दाखवला. बोटाचा एक ठसा उमटला तरी तेलाचा थर बसतो आणि अतिनील प्रकाश तिथंच गिळला जातो, म्हणाल्या. मी हात पाठीमागे बांधले, ते संध्याकाळपर्यंत सोडले नाहीत.

घरी आल्यावर आईचा फोन. काम काय करतोस? मी सांगितलं, एका आरशाला कुणाचा हात लागू द्यायचा नाही.

आईनं विचारलं, "मंग पगार काहून देऊन राहिले?"

*

वासाचीही तीच गत. अत्तराची वाफ आरशावर जाऊन बसते. सलीमभाईंनी अत्तर सोडलं, डोक्याला तेल लावणं सोडलं. ईदला तसेच कोरडे नमाजाला निघाले, तर भाभी दारात रडायलाच लागल्या. त्यांना वाटलं, डॉक्टरांनी काहीतरी सांगितलंय आणि हे आपल्यापासून लपवतायत.

भाईंनी समजूत काढली, "मेरे को नहीं, आईने को परहेज है."

*

पुढची मोठी दुर्बीण अजून कागदावरच आहे. दूरच्या ग्रहांभोवती हवा आहे का, ती टिकते का, हे ती बघणार. तिच्यात आमचा डिटेक्टर बसावा, तर आधी त्याची परीक्षा. मोठ्या फुग्याला पेटी बांधायची, बराचसा ओझोन खाली राहील इतकी वर न्यायची आणि मग पॅराशूटनं खाली उतरवायची.

फुगा सुटला. मी मॅडमना धीर दिला, डिटेक्टर कुठंही पडला तरी शोधून आणू.

त्या वरच बघत राहिल्या. "हा आणता येईल. पुढचा वर दुर्बिणीत बिघडला तर तिथं जीप जात नाही."

*

वारा फिरला आणि पेटी उतरली माझ्या वसमतकडच्या हट्टा गावाजवळ, हळद वाळत घातलेल्या शेतात. आम्ही जीपमध्ये, अजून बरेच लांब. पेटी सीलबंद होती, पण झाकण उघडून दमट हवा किंवा हळदीची धूळ आत गेली की डिटेक्टर संपला. आमची सगळी मेहनत त्यात होती.

फोन वाजला. आमचा नंबर पेटीवर लिहिलेला होता. शेताच्या मालकीण गयाबाई बोलत होत्या.

"साहेब, ह्या पेटीत जिवंत काय हाय?"

शोधता यावी म्हणून पेटी सारखी बीप-बीप करते, त्याला त्या घाबरल्या होत्या. मी म्हणालो, "जिवंत न्हाई मावशी, मशीन हाय. पण उघडू नका. हवा लागली की मरंल."

मागून कोणीतरी पहार आणा, फोडून बघू म्हणत होतं. फोन तुटला. नंतर लागलाच नाही.

जीपमध्ये मॅडमनी डोळे मिटून घेतले. सलीमभाई गाडी हाणत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. मला तर उचकटलेलं झाकणच दिसत होतं.

पोचलो तर शेतात गर्दी, एकाच्या हातात खरंच पहार. आणि मधे, रणरणत्या उन्हात, गयाबाई पेटीला पाठ लावून बसलेल्या. पदर पेटीवर टाकलेला. पेटी बीप करतच होती.

मॅडमनी गुडघ्यावर बसून पेटीच्या आतल्या दाबाचा काटा बघितला. जागच्या जागी होता. सील शाबूत.

मग त्यांनी गयाबाईंना विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटली?"

"लई वाटली. आजून बी वाटून राहिली," गयाबाई म्हणाल्या. "पर ते सारखं रडून राहिलं व्हतं. एकटं टाकून कसं जावं?"

सलीमभाईंनी आवाज बंद करायला बटणाकडे हात नेला.

"हळू," गयाबाई म्हणाल्या.