ड्रॉइंगमागची चौकट

सुगत तांबे हुशार होता, आणि हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. महाप्याच्या एका छोट्या कंपनीत तो ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्राम, म्हणजे प्लगिन, लिहायचा. ड्रॉइंग सेव्ह करताना त्याचा प्लगिन पडद्यामागे मापं तपासायचा आणि काही चुकलं की चौकट दाखवून विचारायचा, 'माप जुळत नाही. पुढे जाऊ?'

एकदा पावणे गावातल्या एका वर्कशॉपमधून सिताराम काकांचा फोन आला. काका करावे गावचे. तीस वर्षं हातानं ड्रॉइंग काढलेली, कॉम्प्युटरवर मात्र दोनच.

"साहेब, सेव्ह केलं का सगलं थांबतं. मग बंदच करावं लागतं, सकालपासूनचं काम जातं."

"घाईत दोनदा क्लिक करत असाल काका. एकदाच दाबा, हात बाजूला घ्या, शंभर मोजा," सुगत म्हणाला. त्यानं तक्रारीवर 'वापरणाऱ्याची चूक' असा शेरा मारला, वर्कशॉपच्या मालकालाही तसाच मेल ठोकला आणि निवांत चहाला गेला.

महिन्यात तीच तक्रार आणखी तीनदा आली. शेवटी मॅनेजर नमितानं त्याला पावण्याला पिटाळलं.

केबिनमध्ये काका खुर्चीच्या कडेवर बसले होते. समोर वही उघडी होती. तिच्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: एकदाच दाबणे. हात बाजूला. शंभर मोजणे.

"तुमी सांगितलं तसंच करतो, साहेब. माजंच कायतरी चुकत असंल."

सुगतला कसंसंच झालं. त्यानं स्वतः सेव्ह केलं. स्क्रीन थिजली. कीबोर्डवरून खिडक्या बदलून पाहिल्या, तर ड्रॉइंगच्या मागून त्याचीच चौकट बाहेर आली.

पडद्यामागच्या कामानं चौकट परस्पर उघडायची नसते. तो प्रश्न मुख्य खिडकीकडे सोपवायचा, म्हणजे तो माणसाच्या पुढ्यात येतो. नव्या लोकांना हे शिकवणारा सुगतच, आणि या प्लगिनमध्ये आळसानं ते टाळलंही त्यानंच. त्याच्या टेबलावर दोन स्क्रीन होत्या, चौकट दुसरीवर दिसायची. इथे एकच. चौकट मागे उत्तराची वाट पाहायची, ड्रॉइंग पुढे चौकटीची वाट पाहायचं, आणि काका बिचारे शंभर मोजायचे.

तेवढ्यात मालक सुभाषशेठ आत आले. "काय, काकांचाच घोळ ना? तुमचा मेल वाचला मी. सोमवारपासून आपल्या ऑफिसातल्या मनस्वीला बसवतो इथे. काका स्टोअर बघतील."

काकांनी मान खाली घातली. सुगतला एकच वाक्य बोलायचं होतं: चूक माझी आहे. पण तो मेल आठवला, नमिताचा चेहरा आठवला, आणि तोंडून निघालं, "सेटिंग बिघडली होती जरा. करतो मी."

ऑफिसात त्यानं दहा मिनिटांत ते दुरुस्त केलं आणि नवा प्लगिन पाठवून दिला. ही दुरुस्ती नोंदीत कुठेच, अगदी सुधारणा म्हणूनसुद्धा, दिसू नये याची काळजी घेतली.

पुढच्या आठवड्यात काकांचा फोन आला, स्टोअरमधून.

"साहेब, मनस्वीला एकदाबी अडलं नाय. तुमीच बरोबर होते. माजाच हात जड. उगाच तुमाला तरास दिला, माफ करा."

सुगतला इतकी लाज वाटली की फोन कानाला धरवेना. तरी तो म्हणाला, "असू दे, काका."