मेहुण्यांची ठेंगणी गाडी

आमच्या मेहुण्यांइतका हट्टी मनुष्य अर्जुनी मोरगावात दुसरा नाही. चिचगडच्या जंगलात कोणी असल्यास मला माहिती नाही. ते माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. उभे आयुष्य त्यांनी राईस मिलमध्ये फिटर म्हणून काढले. निवृत्तीनंतर मनुष्य जे करतो, म्हणजे चौकात बसणे, सुनेच्या स्वयंपाकाला नावे ठेवणे आणि पोटाच्या तक्रारी सांगणे, यांपैकी त्यांनी काहीही केले नाही. त्यांनी मोटार बांधली. शर्यतीची, दोन आसनांची, इंजिन मध्ये असलेली. मध्ये म्हणजे बसणाऱ्याच्या पाठीमागे, परंतु मागच्या चाकांच्या पुढे. हा फरक जो विसरेल त्याला त्यांच्या घरी चहा मिळत नाही.

त्यांच्या मते जगातील सर्व दुःखाचे मूळ, वजन चुकीच्या जागी असणे हे होय. एका साखरपुड्यात त्यांनी वाढप्याच्या हातून वरणाच्या दोन बादल्या घेतल्या, बांबूच्या दोन टोकांना लटकवल्या आणि खांद्यावर कावड घेऊन गर्रकन वळून दाखवले. ओझे टोकाला असले की मनुष्य थांबतो आणि ओझे फिरतच राहते, हे सिद्ध झाले. नवरदेवाच्या मामांचा सदराही त्यात सिद्ध झाला. मेहुण्यांनी माफी मागितली नाही. ओझे छातीशी धरले असते तर मामा कोरडे राहिले असते, एवढेच म्हणाले. शाळेच्या जुन्या व्हॅनचे इंजिन पुढच्या आसनाखाली असते. म्हणून ती व्हॅन त्यांच्या लेखी शर्यतीच्या मोटारीची गरीब चुलत बहीण. ती दिसली की ते हात वर करून तिला मान देतात. चालकाला वाटते म्हाताऱ्याला बसायचे आहे. तो रोज थांबतो, आणि रोज मनातल्या मनात काहीतरी म्हणून निघून जातो.

इंजिन त्यांनी गोंदियाच्या भंगारातून आणले. एका चेपलेल्या छोट्या गाडीचे, गिअरबॉक्ससकट एकच गोळा. तो उभा, म्हणजे गाडीच्या लांबीत, ठेवावा की आडवा, या प्रश्नावर तीन महिने गेले. माझ्या ओसरीच्या फरशीवर खडूने काढलेली ती चित्रे पुसायला मला बंदी होती. उभा ठेवला तर गोळा खाली बसतो, दोन्ही बाजू सारख्या तोलतात. परंतु गिअरबॉक्स लांबी खातो, आणि मग गाडीत एकच आसन मावते. आडवा ठेवला तर दोन आसने बसतात. परंतु एक कूस जड होते आणि गोळा उंच राहतो. अखेर त्यांनी आडवा ठेवला. कारण विचारले तेव्हा म्हणाले, गिअरची तार आखूड राहते. ते खरेही होते. दुसऱ्या आसनाविषयी ते काही बोलले नाहीत.

उंचीचा मात्र त्यांनी सूड घेतला. इंजिनाच्या पोटाखालचे तेलाचे भांडे त्यांनी कापून काढले आणि तेलाला वेगळ्या टाकीत बिऱ्हाड करून दिले. तेल खेचायला पंप, पंपाला पट्टा, पट्ट्याला कप्पी. अख्खा उन्हाळा गेला, आणि गाडी चार बोटे खाली आली. मी भूमापनात नोकरी केली. चार बोटांसाठी भावाभावांत डोकी फुटलेली पाहिली आहेत. परंतु चार बोटांसाठी इतका सुखी झालेला मनुष्य पाहिला नव्हता.

पुढे मिलच्या काट्यावर एकेक चाक चढवून तोल पाहणे आले. डाव्या आसनावर बहिणीचे वजन हवे होते. हमालांच्या देखत काट्यावर उभे राहण्यास तिने साफ नकार दिला. मेहुण्यांनी अंदाजाने तांदळाचा कट्टा, म्हणजे पोते, भरून तिच्या जागी ठेवला. तो कट्टा कोणाचा, हे कळताच तिने त्यातून दोन पायल्या तांदूळ काढायला लावले. तोल बिघडला. मेहुण्यांनी तो बिघाड चालवून घेतला. ही घटना दुर्मिळ म्हणून नोंदवतो.

गाडीला रस्त्यावर जाण्याचा परवाना नाही. ती मिलच्या आवारात, धान वाळवण्याच्या फरशीवर धावते. पहिल्या फेरीस बहीण बसली. इंजिन पाठीशी तापते, हा या रचनेचा मोठा दोष मानतात. तिने उतरण्यापूर्वीच निकाल दिला, "पाठीले शेक बरा भेटते." उतरणे मात्र जमेना. आसन जमिनीला टेकलेले, आणि तिचे गुडघे कधीचे संपावर. मिलमधल्या दोन बाया आणि मी, अशा तिघांनी तिला ओढून काढले. तिने पदर सारखा केला.

"गाडी चांगली आहे," ती म्हणाली. "पन मी यात बसाची नाई."

"वजन खाली पायजे. नियम होय तो," मेहुणे म्हणाले.

"मंग नियमाले बसवा."

त्यानंतर तिच्या जागी कट्टा बसू लागला. मेहुणे त्याला पट्टा बांधत आणि फेऱ्या मारत. वळण इतके सुबक कधी झाले नव्हते, असे सांगत. सुरुवातीला दहा फेऱ्या होत, पुढे पुढे तीनवर थांबत. गाडी थोडी उंच करा, असे मी एकदा सुचवले.

"चार बोटं म्हनजे काय वाटते तुमाले, भाऊ? आखा उनारा होय तो."

आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

गेल्या महिन्यात गेलो तेव्हा गाडी सावलीत उभी होती. काहीतरी निराळे वाटले. मी वाकून गाडीच्या कडेखाली हात घातला. पूर्वी सहा बोटे जात. आता दहा गेली. मेहुणे स्प्रिंगा पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "स्पीडब्रेकर लागते ना, भाऊ."

त्या फरशीवर स्पीडब्रेकर नाही. आयुष्यभर मी लोकांची खोटी मापे दुरुस्त केली. हे राहू दिले.

बहीण आली, खुर्चीवर बसावे तशी बसली आणि पिशवी मांडीवर घेतली. पहिल्याच वळणावर गाडी गवताच्या बैलबंडीसारखी कलली. अशा कलण्याला मेहुणे पूर्वी पाप म्हणत. त्यांनी वेग कमी केला. तीन फेऱ्या झाल्या, ती आणखी एक म्हणाली, आणि मग मी मोजणे सोडले.

त्या दिवशी मी त्यांच्याकडे जेवलो. भात त्या कट्ट्यातला होता. तांदूळ जुना, मोकळा शिजला होता. मेहुण्यांनी दोनदा वाढून घेतला. वजन कोठे जाईल, हे त्यांनी विचारले नाही.